हातानं काढलेलं

सोमवार, ४ तारीख

डॉक्टरांनी रक्तदाब लिहायला वही ठेवा म्हणून सांगितलं. आज १५०/९०. एवढं लिहून झालं आणि पान रिकामंच राहिलं. शंभर पानी वही घेतली आहे. शंभर दिवस रक्तदाब मोजायला मी असेन का, ही वेगळीच काळजी. म्हणून उरलेल्या जागेत बाकीचं लिहितो.

आजपासून भाचीने मला कामाला लावलं. बहिणीची मुलगी. तिच्या ऑफिसातून दरवर्षी अ‍ॅनिमेशनच्या सिनेमांचा महोत्सव भरतो. यंदा बावीस तारखेपासून तीन दिवस आहे. मी म्हणालो, "कार्टून म्हण की." ती म्हणाली, "मामा, तिथे तो शब्दही काढू नका, लोक अंगावर येतील."

एकतीस वर्षं मी सिनेमाच्या डेपोत होतो. थिएटरांतून परत आलेलं प्रत्येक रीळ माझ्या हातांखालून जायचं. कडेची फाटलेली भोकं शोधायची, जोड द्यायचे, मळ पुसायचा, गुंडाळून डब्यात घालायचं. सिनेमा मी थिएटरात कमी पाहिला आणि हातात जास्त. खिडकीसमोर पट्टी धरली की शेवटी कोण मरणार ते मला सांगता यायचं. मग रिळं बंद झाली आणि डेपोही. त्याला बारा वर्षं झाली. आता या महोत्सवाला अकरा हट्टी माणसं अजून रिळंच पाठवतात, आणि ती हाताळायची कशी हे तिथे कुणाला येत नाही. म्हणून मी.

ही म्हणाली, "जा की. घरात बसून छताकडे बघत छताला भोकं पडायची वेळ आली."

पण बारा वर्षं हात रिकामे आहेत. काही फाटलं तर? भाचीने शब्द टाकलाय माझ्यासाठी.

बुधवार, ६ तारीख

१४८/९०. माझी खोली थिएटरच्या मागे, जिना चढून. एक लांब टेबल, त्यावर रीळ गुंडाळायची दोन हाती चाकं, मोठी खिडकी, पत्र्याचं कपाट. खिडकी चांगली आहे. भिंतीचा रंग सोडला तर माझी डेपोतलीच खोली म्हणायची.

भाची मामा म्हणते म्हणून सगळेच मामा म्हणायला लागले. मशीन चालवणारा दाढीवाला म्हणाला, "मामा, आम्ही नुसतं म्हणतो हं, बनवणार नाही." सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत विचार करत होतो, हा असं का म्हणाला असेल?

इथली माणसं चमत्कारिक आहेत. तीन मिनिटांचा सिनेमा बघतात आणि तासभर भांडतात. एका मुलीने लोकरीची बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची, असं अकरा महिने केलं. मी विचारलं, "कंटाळा नाही आला?" ती म्हणाली, "आला ना. तोही दिसतो बघा सिनेमात." मला ते आवडलं. मी आयुष्यभर चित्रं एकेक करून पाहिली, पण ती एकेक करून बनवणारं कुणी असतं हे कधी मनात आलं नव्हतं. ऐकत बसावंसं वाटतं. बोलायची भीती वाटते. सातवी शिकलेला माणूस चार वाक्यांत उघडा पडतो.

शनिवार, ९ तारीख

आज फार काम झालं.

एक डबा आला. इतकं घाण रीळ एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. निळे डाग, पिवळे ठिपके, मध्येच लाल फराटे. डब्यात चिठ्ठी: 'यावरचं सगळं हातानं काढलं आहे. जपून.'

चिठ्ठी दोनदा वाचली. काढलं आहे म्हणे! काय काढलंय? सगळं जिथल्या तिथे. काढलं म्हणजे उरायला नको, एवढं सातवीवाल्यालाही कळतं. आजकाल कामं अशीच. वरवर हात फिरवायचा आणि चिठ्ठी लिहून मोकळं व्हायचं.

घरून फिल्म पुसायच्या औषधाची माझी जुनी बाटली आणि मखमल नेली होती. मखमल भिजवली, तिच्या घडीतून फिल्म सावकाश ओढली. मखमल निळी झाली, मग हिरवी. घाईने काम केलं नाही. तीस फूट झालं आणि बाटली संपली. पण ते तीस फूट काचेसारखं! खिडकीसमोर धरलं तर पलीकडच्या इमारतीचे गज मोजता आले. फार दिवसांनी बरं वाटलं. उरलेलं पुढच्या आठवड्यात करेन. सरांना सांगून नवी बाटली मागवली आहे. सर म्हणजे महोत्सवाचे मुख्य. त्यांनी कारणही विचारलं नाही, "मामा मागतायत तर आणा" म्हणाले.

एकच खटकलं. पुसल्यावरही खाली चित्र काही सापडलं नाही. सुरुवातीची कोरी पट्टी असेल.

मंगळवार, १२ तारीख

१३८/८६! काम मानवलं म्हणायचं. बाटली उद्या येते.

बुधवार, १३ तारीख

रक्तदाब मोजला नाही. मोजायची हिंमत नाही.

सकाळी बाटली आली. मी मखमल भिजवणार, एवढ्यात भाची खोलीत आली. "मामा, ते निळं रीळ ठीक आहे ना? त्या बाईंचा रोज फोन असतो."

मी म्हणालो, "फार घाण होतं गं."

ती हसायलाच लागली. "घाण! त्यांच्यासमोर म्हणू नका हं असं. त्या कॅमेराच वापरत नाहीत. कोऱ्या फिल्मवर कुंचल्यानं चित्रं काढतात, एवढी एवढीशी, एकेक. चार मिनिटांच्या सिनेमाला अडीच वर्षं लागली. आणि दुसरी प्रत नाही, त्या काढूच देत नाहीत. म्हणून तर जीव टांगणीला."

टेबल धरलं.

"तपासलंत ना?"

"तपासलं," मी म्हणालो. "ठीक आहे."

ती गेली. मी नवी बाटली कपाटात मागे सरकवली. मग आणखी मागे.

हातानं काढलं आहे. हातानं काढलं आहे. देवा, ते काढलं होतं. आणि मी काढलं.

गुरुवार, १४ तारीख

दार लावून भिंगाने पाहिलं. तिसाव्या फुटानंतर निळं सुरू होतं. एका चित्रात निळ्यावर पिवळा ठिपका, पुढच्यात तो किंचित वर, त्याच्या पुढच्यात आणखी वर. पक्षी आहे. ओळखता येतो. मला शनिवारीही ओळखता आला असता.

पुढे जोडलेली नावाची छापील पट्टी सोडली तर तीस फुटाच्या आधी काही नाही. एका कडेला पुसट लाल राहिलंय.

एका फुटात सोळा चित्रं. तीस फुटांत चारशे ऐंशी. पडद्यावर वीस सेकंद. भाचीला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, बाई दिवसाला किती काढतात? आठ, म्हणाली. म्हणजे साठ दिवस. दोन महिने मी एका दुपारी फडक्यात गुंडाळले.

शुक्रवार, १५ तारीख

मखमल मी घरी आणून पलंगाखाली ठेवली होती. आज बघतो तर दोरीवर वाळत घातलेली, पांढरीशुभ्र.

"अगं, हे कुणी धुतलं?"

"मीच. दुसरं कोण आहे घरात? किती रंग निघाला! अहो, शाई सांडली होती का?"

मी तिच्यावर ओरडलो. असा ओरडलो की शेजारची बाई दारात आली. काय म्हणून ओरडलो? त्या मखमलीतून रंग परत फिल्मवर चढणार होता का? पण तेवढंच काय ते शिल्लक होतं.

ही काही बोलली नाही. ही बोलली नाही की जास्त भीती वाटते.

सोमवार, १८ तारीख

आज सगळ्या रिळांची चाचणी होती. मी आजारी पडायचं ठरवलं होतं, पण ताप येईना. गेलो.

थिएटरात सर, भाची, मी आणि मागे मशीनवर दाढीवाला. निळं रीळ सहावं लागलं. नाव आलं, आणि पडदा पांढरा. नुसता पांढरा. मी मोजत होतो. वीस सेकंद इतकी मोठी असतात हे मला माहीत नव्हतं. मग एकदम निळं आलं आणि त्यातून तो पिवळा पक्षी वर आला. भाचीने तोंडावर हात घेतला.

सर धावत मशीनकडे गेले. "काय केलंस? रंग सोलला तुझ्या मशीननं!"

दाढीवाला म्हणाला, "आईशपथ सर, मशीन असं करत नाही. आठ वर्षं चालवतोय. सोललं असतं तर ओरखडे आले असते, असं लख्ख नसतं झालं."

"मग भूत आलं होतं का?"

तो माझ्याकडे वळला. "मामा, तुम्ही सांगा. तुम्हाला यातलं कळतं. मशीनने असं होतं का?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

एवढंच म्हणालो. सरांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. जाताना मला म्हणाला, "येतो मामा." रागाने नाही. रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं.

बाई परवा येतायत.

मंगळवार, १९ तारीख

१७०/१००. हिने मोजला. यंत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "अहो, ते निळं फडकं. ते त्या बाईंचं चित्र होतं ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? चार दिवस झाले, दाराची बेल वाजली की तुम्ही न्हाणीघरात जाऊन उभे राहता. चोराच्या मनात चांदणं."

मग मी सगळं सांगितलं. दाढीवाल्याचंही. शेवटी मी म्हणालो, "कबूल केलं तर पोरीची नोकरी जाईल गं. तिने मला आणलं."

"आणि त्याची गेली ती? त्याला काय पोरंबाळं नाहीत?"

"मला भीती वाटते."

"ती काय आजची आहे? लग्नाच्या मांडवातही तुम्ही थरथरतच होतात. तरी उभे राहिलात ना?"

मला वाटलं हसेल. हसली नाही.

बुधवार, २० तारीख

आजचं आजच लिहितो, म्हणजे उद्या मला वेगळं आठवणार नाही.

बाई आल्या. साठीच्या असतील. बारीक, केस कापलेले, नखांत निळा रंग. मला कशीही बाई चालली असती, फक्त नखांत तो रंग नको होता. सर आणि भाची त्यांना माझ्याच खोलीत घेऊन आले. त्यांनी पट्टी खिडकीसमोर धरली आणि हातातून सरकवत गेल्या. दहा फूट, वीस फूट.

सर म्हणाले, "मॅडम, आमच्या ऑपरेटरचा हलगर्जीपणा. आम्ही त्याला काढलं आहे."

बाई म्हणाल्या, "हे मशीनचं काम नाही. हे कुणीतरी प्रेमानं केलंय."

मी म्हणालो, "मी केलं."

आवाज माझाच होता पण दुसऱ्या कुणी म्हटल्यासारखं वाटलं. सर म्हणाले, "मामा, तुम्ही?" भाचीकडे मी पाहिलं नाही.

चिठ्ठीचं सांगितलं. काढलं आहे म्हणजे मळ काढलाय असं वाटलं, आणि तो तर दिसत होता, म्हणून मी काढला. सांगताना ते इतकं मूर्खासारखं वाटलं की मध्येच थांबलो. दाढीवाल्याचा काही दोष नाही, हे मात्र दोनदा सांगितलं.

बाईंनी विचारलं, "कशानं पुसलंत?"

"मखमलीनं. जुन्या पद्धतीनं."

"आणि तुम्हाला ती घाण दिसली?"

खोटं बोलता आलं असतं. डोळ्यांना अंधूक दिसतं म्हटलं असतं, वय झालं म्हटलं असतं. मी म्हणालो, "हो. मला ती घाणच दिसली."

त्या खुर्चीवर बसल्या. पट्टी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "मी जे काढलं ते तुम्ही काढलंत. साठ दिवस. त्या साठ दिवसांत माझी आई गेली. तिच्या उशाशी बसून काढलंय मी हे."

मी हात जोडले.

"ते नको. माफ बिफ मी करणार नाही. हात स्वच्छ धुवा आणि इथे बसा. पट्टी धरायला माणूस लागतो."

सरांनी दाढीवाल्याला फोन केला. मला ऐकू येईल असा केला.

गुरुवार, २१ तारीख

काल दुपारपासून आणि आज दिवसभर. त्या काढतात, मी धरतो. एक चित्र बोटाच्या नखाएवढं. शाई वाळेपर्यंत पट्टी टेकवायची नाही. माझा श्वास जोरात झाला की त्या म्हणतात, "श्वास तिकडे." मी तोंड फिरवतो. मान अवघडली आहे पण सांगायची सोय नाही.

भाची दोनदा चहा ठेवून गेली. माझ्याकडे न बघता.

दुपारी मी धीर करून म्हणालो, "सगळं होणार नाही, बाई. उरलेलं कोरं कापून असा जोड देतो की कुणाला पत्ता लागणार नाही. एकतीस वर्षं तेच केलं."

त्यांनी कुंचला खाली ठेवला. "म्हणजे पुन्हा पुसायचंच ना? राहू दे ते पांढरं. बघू देत लोकांना."

संध्याकाळी पाचला थांबलो. नुसतं निळंच होतं, पक्ष्यासारखं बारीक काम नाही, म्हणून दोनशे चित्रं झाली. दोनशे ऐंशी कोरी. जवळजवळ बारा सेकंद.

शनिवार, २३ तारीख

काल महोत्सव सुरू झाला. आमचा खेळ आज सकाळी अकराचा होता. थिएटर भरलेलं. मी मागे मशीनजवळ, दाढीवाल्याशेजारी उभा होतो. त्याने मला स्टूल दिलं. मी त्याला म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." तो म्हणाला, "हवं होतं." मग मशीनकडे वळला. बसायला मात्र स्टूल त्यानेच दिलं.

निळं आलं, नव्याने काढलेलं, थोडं थरथरतं. मग पांढरं. पुढून कुणीतरी म्हणालं, "लाइट गेले वाटतं." दुसरा म्हणाला, "लाइट गेले असते तर काळं झालं असतं, शहाण्या." लोक हसले. मग हसणं थांबलं. आठ, नऊ, दहा. कुणी खोकलं. अकरा. मग तो पक्षी.

नंतर बाई मंचावर गेल्या. प्रश्न विचारायची इथे पद्धत आहे. चष्मेवाला एक माणूस उठला आणि पांढऱ्या जागेबद्दल बोलायला लागला. त्यात स्मृती होती, मौन होतं, अवकाश होता. मला निम्मं कळलं नाही, पण ऐकायला चांगलं वाटत होतं. वाटलं, सुटलो. यालाच अर्थ लागला तर लागू दे.

बाई म्हणाल्या, "अर्थ काही नाही. पुसलं गेलं. ज्यांनी पुसलं ते मागे मशीनजवळ उभे आहेत. त्यांनाच विचारा."

सगळं थिएटर मागे वळलं. तीनशे तोंडं. मी आयुष्यभर थिएटरच्या मागच्या बाजूला काम केलं, मागे वळून कधी कुणी पाहिलं नव्हतं.

चष्मेवाल्याने विचारलं, "का पुसलंत?"

मी म्हणालो, "मळ वाटला. एकतीस वर्षं मळ काढत होतो. चित्र खाली असतं आणि मळ वर, एवढंच मला माहीत होतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी हसलंही नाही. चष्मेवाला हळूच खाली बसला. लोकरीच्या बाहुलीवाली मुलगी मात्र वळलेलीच राहिली, बराच वेळ माझ्याकडे बघत.

बाहेर जिन्यावर बसलो तर भाची आली. तीन दिवसांनी बोलली. "मामा, पाणी घ्या." मी घेतलं. ती शेजारी बसली.

मंगळवार, २६ तारीख

सरांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या वर्षी रिळांना हात लावायचा नाही. भाचीची नोकरी राहिली. तिची बढती यंदा होणार होती, ती नाही झाली, हे मला हिच्याकडून कळलं.

बाई काल निघाल्या. जायच्या आधी त्यांनी मला कात्री घ्यायला सांगितली आणि कोरा तुकडा बरोबर मोजून कापायला लावला. साडेसतरा फूट. बाकीचं रीळ त्यांनी पिशवीत घातलं. तुकडा माझ्यासमोर ठेवला, आणि त्याच्यावर निळ्या शाईची बाटली आणि एक कुंचला.

"भरून पाठवा," म्हणाल्या.

"बाई, मला चित्र येत नाही."

"मला ते माहीत आहे. पण मी आता पुन्हा तिथे बसणार नाही. आई एकदाच जाते."

मी विचारलं, काय काढू? त्या म्हणाल्या, "आधी निळं आहे, पुढे पक्षी आहे. मधलं तुम्ही बघा." गाडीत बसल्या. माफ केलं असं तेव्हाही म्हणाल्या नाहीत.

आज सकाळपासून खिडकीशी बसलो आहे. पट्टी दोन चिमट्यांत ताणली आहे. मखमलीने तीस फूट पुसताना मला एवढीशीही भीती वाटली नव्हती, आणि आता एका नखाएवढ्या जागेपुढे हात उचलत नाही. दोनदा उठलो. ही म्हणाली, "अहो, पाण्याला उठता की पळायला?"

अकराच्या सुमारास पहिलं काढलं. एक टिंब. वाकडं आलं. शाई कडेला फुटली आणि भोकापर्यंत गेली. बघितलं तर नुसता डाग.

सवयीने हात फडक्याकडे गेला. तसाच थांबवला. मग दुसरं काढलं.